एम.डी.नंतरचा एक अर्ज

स्मरणिकेसाठी डॉक्टरांना आणि इतर सभासदांनाही उपयोगी पडेल असे काही लिहावे, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा लसीकरणाचे वेळापत्रक हा विषय मी जवळजवळ निश्चित केला होता. तथापि गेल्या वर्षभरात आपल्या मंडळातील चार-पाच तरुण सहकाऱ्यांनी मला निराळाच प्रश्न विचारला. त्यांत मुली अधिक होत्या. ''ताई, तुम्ही चोपन्नाव्या वर्षी पीएच.डी.साठी अर्ज कसा केलात?'' प्रत्येकीला दवाखान्यात उभ्याउभ्या अर्धवट उत्तर दिले गेले. ते पूर्ण करावे म्हणून हा लेख.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. क्लिनिकल विषयाच्या अध्यापकपदासाठी एम.डी. ही पदव्युत्तर पदवी पुरते. खासगी व्यवसायात तर पीएच.डी.मुळे एकही रुग्ण वाढत नाही. पाटीवर 'डॉ.' आधीच असते, ते दोनदा लिहिण्याची सोय नाही. एम.डी.साठी आपण प्रबंध लिहितो खरा, पण विषय बहुधा विभागप्रमुख देतात, रुग्ण वॉर्डात आयते मिळतात आणि लेखन शेवटच्या महिन्यात उरकले जाते. माझा १९९६ सालचा प्रबंध मी नंतर एकदाही उघडला नाही, हे कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही. पीएच.डी.मध्ये प्रश्न स्वतःचा असावा लागतो. ज्यांना असा एखादा प्रश्न छळत नाही त्यांनी अर्ज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझा प्रश्न नामपल्लीतल्या माझ्या दवाखान्यात जन्मला. रेल्वे स्टेशन, दर्गा, नुमाइशचे मैदान आणि मुअज्जम जाही मार्केट यांच्या मधल्या गल्ल्यांतून माझ्याकडे मुले येतात. दीड-दोन वर्षांचे मूल, वजन बऱ्यापैकी, गाल गुबगुबीत, पण पापणी खाली ओढून पाहावी तर आतला भाग पांढराफटक. आई सांगते, ''खाना नक्को बोलता अम्मा, चाय होना बोलता.'' सकाळी बशीतून चहा, त्यात बुडवलेले उस्मानिया बिस्कीट. दुपारी बाटलीतून दूध. संध्याकाळी पुन्हा चहा. भूक मेलेली, डाळ-भाताला तोंड वाकडे. मी लोहाचे औषध लिहून द्यायची, तीन महिन्यांनी मूल सुधारायचे आणि दोन वर्षांनी त्याचे धाकटे भावंड त्याच अवस्थेत त्याच बाकावर बसायचे. चहातील टॅनिन वनस्पतिजन्य अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणते, दुधात लोह अत्यल्प असते, हे आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. परंतु या मुलांच्या रक्तक्षयात चहाचा वाटा किती, दुधाचा किती आणि या दोहोंमुळे न खाल्लेल्या जेवणाचा किती? वीस-बावीस वर्षे मी आयांना ''चाय बंद करो'' असे ठणकावून सांगत आले. कशाच्या आधारावर सांगते, हे कोणी खोलात जाऊन विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. पहिल्या दोन वर्षांतील लोहकमतरतेचे मेंदूच्या वाढीवरील परिणाम रक्त सुधारल्यावरही काही अंशी मागे राहू शकतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे अज्ञान फार काळ सोसवत नाही.

२०२२ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी पहिला अर्ज केला. शीर्षक होते, 'हैदराबाद शहरातील बालकांच्या कुपोषणाचा सर्वंकष अभ्यास'. आज ते वाचताना हसू येते. अर्ज परत आला. विद्यापीठाचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. एक कारण असे की, मी खासगी व्यावसायिक असल्याने माझ्यासोबत कोणत्याही संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र नव्हते. दुसरे असे की, माझ्या दवाखान्याला नैतिकता समिती नव्हती. तिसरे कारण कागदावर नव्हते. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी ते तोंडी सांगितले. ''मॅडम, हे वय निवृत्तीचे नियोजन करण्याचे आहे.'' पहिली दोन कारणे योग्य होती, हे समजायला मला काही महिने लागले. तिसऱ्याचा राग मात्र त्याच दिवशी आला आणि तो पुढे पुष्कळ कामी आला.

त्या दिवसांत संदर्भ चाळण्यासाठी मी तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ग्रंथालयात जाऊ लागले. या संस्थेचा इतिहास आपल्यापैकी अनेकांना ज्ञात असेल. १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या शोधासाठी सुरू केलेले हे काम. पुढे त्याची न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज झाली, १९५८ मध्ये ती हैदराबादेत आली आणि १९६९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. खेड्यांतील मुलांना अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा ठरावीक अंतराने पाजून अंधत्व टाळता येईल का, हा प्रश्न याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष गावांत जाऊन तपासला आणि १९७० मध्ये त्यावर आधारलेला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आपण आजही मुलांना सहा-सहा महिन्यांनी दोन लाख युनिटची जी मात्रा देतो, तिच्यामागे तो प्रश्न आहे.

याच संस्थेच्या कुन्नूर-पर्वात तिथे सहायक संचालक म्हणून एक मराठी बाई काम करून गेल्या होत्या, हे मात्र मला तोवर माहीत नव्हते. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. दुर्गाबाई आपल्या घराघरांत पोहोचल्या, कमलाबाई तितक्या पोहोचल्या नाहीत. त्यांच्या अर्जाची हकीकत प्रत्येक इच्छुकाने वाचावी अशी आहे.

१९११ चा त्यांचा जन्म, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेचे, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे, विद्यार्थी. कमलाबाईंनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी मिळविली आणि त्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी अर्ज नाकारला. गुणांत काही उणे नव्हते. अर्जदार स्त्री आहे, एवढेच कारण. कमलाबाई तेथून परत फिरल्या नाहीत. काळ गांधीजींच्या चळवळीचा होता. त्यांनी संचालकांना समक्ष गाठून कारण विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याचा निर्धार सांगितला. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे. कामाचा दर्जा संचालकांना पटेपर्यंत त्याला अधिकृत मान्यता नाही. आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट त्यांना आयुष्यभर बोचली आणि पुढे त्यांनी ती जाहीरपणे बोलूनही दाखविली.

वर्षभरात रामन यांचे मत बदलले, प्रवेश नियमित झाला आणि पुढील मुलींसाठीही दार किलकिले झाले. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. विषय पाहा: भारतीय मुलाच्या वाटीत जे पडते, तेच. १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्यावर त्या केंब्रिजला गेल्या. तिथे डेरेक रिश्टर आणि नंतर रॉबर्ट हिल यांच्यासमवेत बटाट्यासारख्या वनस्पतींच्या पेशींवर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेतील द्रव्य वनस्पतींतही आढळले. सुमारे चौदा महिन्यांत प्रबंध सादर झाला. पृष्ठसंख्या चाळीस! १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली, विज्ञान विषयात ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभाग, मग कुन्नूर, आणि १९४७ मध्ये विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था. तिथे त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले, त्याचा लाभ कुपोषित आदिवासी मुलांना आणि गर्भवतींना व्हावा हा त्यामागचा हेतू. १९९८ मध्ये त्या गेल्या.

ही हकीकत वाचताना मी माझ्या परत आलेल्या अर्जाशी तिची तुलना करू लागले आणि लाजले. कमलाबाईंना मिळालेला नकार अन्यायाचा होता. माझ्या अर्जाला मिळालेला नकार दोन-तृतीयांश तरी माझ्या आळशीपणाचा होता. दोन्हींतील फरक ओळखता यायला हवा. नकार आला की कारण लेखी मागावे, त्यातले दुरुस्त करण्याजोगे दुरुस्त करावे आणि उरलेल्याशी भांडावे. मी त्याप्रमाणे केले.

आता नियम. विद्यापीठ अनुदान आयोगाची पीएच.डी.विषयक नियमावली नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्याने आली. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण ही मूळ पात्रता. अर्धवेळ पीएच.डी. मान्य आहे, ही आपल्यासारख्यांसाठी सर्वांत महत्त्वाची ओळ. मात्र नोकरीत असलेल्याने संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात तीन गोष्टी हव्यात: अर्धवेळ अभ्यासास परवानगी आहे, कामातून संशोधनासाठी वेळ मिळू शकेल, आणि गरज पडल्यास अभ्यासक्रमासाठी कार्यमुक्त केले जाईल. केवळ 'हरकत नाही' असे दोन ओळींचे पत्र टिकत नाही. मी ज्या रुग्णालयात आठवड्यातून तीन दिवस सल्लागार म्हणून जाते, त्यांच्याकडून दुसऱ्या खेपेस असे पत्र घेतले. नैतिकता समितीचा प्रश्नही तिथेच सुटला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ज्यांची स्वतःची समिती नाही त्यांना दुसऱ्या संस्थेशी करार करून तिच्या समितीकडे जाता येते. ती समिती योग्य त्या ठिकाणी नोंदणीकृत आहे ना, एवढे पाहावे. औषध देऊन चाचणी करायची असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवहीत नोंद हवी. मागाहून केलेली नोंद कोणी मानत नाही.

प्रवेशपरीक्षेत निम्मा भाग संशोधनपद्धतीचा आणि निम्मा विषयाचा असतो. विषयाची भीती बाळगू नये. आपण रोज तोच जगतो. पद्धतीचा भाग मात्र आपल्याला खरोखर येत नाही. वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आता सक्तीचा असलेला जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन मूलभूत अभ्यासक्रम मी रात्री दवाखाना बंद केल्यावर पूर्ण केला. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान मुलांबरोबर परीक्षा देताना गंमत वाटली. परीक्षेत ५० टक्के मिळाल्यास मुलाखत. राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुणही २०२४ पासून पीएच.डी. प्रवेशासाठी धरता येतात, पण तिच्या विषयांत बालरोगशास्त्र नाही. तेव्हा आपण विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेवर लक्ष ठेवावे.

मार्गदर्शक शोधणे हे अर्ज भरण्यापूर्वीचे काम आहे. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. मी ज्यांच्याकडे प्रथम गेले त्या अत्यंत नामवंत बाईंची अडीच वर्षे राहिली होती. त्यांनी चहा पाजला, माझा प्रश्न ऐकला, हातातल्या कपाकडे पाहून हसल्या आणि दुसरे नाव सुचविले. नामवंतांपेक्षा वेळ देणारा मार्गदर्शक निवडावा. त्यांना फोनवर विचारू नये. एका पानाचे टिपण आधी पाठवावे आणि मग भेट मागावी.

संशोधन आराखड्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. माझ्या मार्गदर्शकांनी 'सर्वंकष' या शब्दावर पहिल्याच दिवशी काट मारली. 'हैदराबाद शहर' खोडून 'एका बाह्यरुग्ण विभागात येणारी मुले' आले. 'बालके' जाऊन 'एक ते तीन वर्षे' आले. 'कुपोषण' जाऊन 'लोहकमतरता' आले. उरलेला प्रश्न एका वाक्यात मावला: रोज चहा पाजल्या जाणाऱ्या मुलांत, तो न पाजल्या जाणाऱ्या मुलांच्या तुलनेत, लोहकमतरता अधिक आढळते का?

मुले किती घ्यायची? एखाद्या विकाराचे प्रमाण मोजायचे असेल तर आपल्याला शिकविलेले सूत्र आहे: प्रमाण गुणिले उरलेले प्रमाण, गुणिले चार, भागिले चालणाऱ्या चुकीचा वर्ग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, तेलंगणातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण ७० टक्के आढळले, देशाचे ६७.१. सत्तर गुणिले तीस गुणिले चार म्हणजे ८४००. पाच टक्क्यांची चूक चालणार असेल तर पंचवीसने भागून ३३६ मुले. दहा टक्क्यांची चालणार असेल तर ८४. दोन गटांच्या तुलनेला सूत्र निराळे लागते. ते संख्याशास्त्रज्ञाला विचारावे, आणि काम सुरू होण्यापूर्वी विचारावे. सर्व रक्ते तपासून झाल्यावर त्यांच्याकडे गेल्यास ते फक्त सहानुभूती देऊ शकतात.

मुलाखतीत समितीने मला ज्या प्रश्नावर पकडले तो येथे सांगणे मला भाग आहे. मी आराखड्यात सर्व मुलांसाठी हिमोग्लोबिनची मर्यादा ११ ग्रॅम लिहिली होती. मी शिकले तेव्हापासून तीच होती आणि वरील सर्वेक्षणही तिच्यावरच आधारलेले आहे. समितीतील एका तरुण सदस्याने शांतपणे विचारले, ''जागतिक आरोग्य संघटनेने यंदा काय म्हटले आहे?'' २०२४ च्या मार्च महिन्यात संघटनेने सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांसाठी ही मर्यादा १०.५ केली होती. दोन ते पाच वर्षांसाठी ११ कायम ठेवली होती. माझा एक ते तीन वर्षांचा गट नेमका या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला! मला ठाऊक नव्हते. तसे मी सांगितले. पुढचे प्रश्न सोपे नव्हते, पण त्यांची उत्तरे मजजवळ होती: फेरिटिन संसर्गात वाढते, म्हणून सोबत सी.आर.पी. करणार, थॅलेसेमियाच्या वाहक मुलांतही पेशी लहान दिसतात, त्यांना वेगळे काढणार, चहा पिणाऱ्या घरांत गरिबीही अधिक असू शकते, म्हणून घरच्या परिस्थितीची नोंद घेणार. नोंदणी झाली. पहिल्याच संशोधन सल्लागार समितीपुढे सुधारलेली मर्यादा आणि त्यानुसार नव्याने केलेले गणित ठेवावे, अशी अट घातली गेली. मला कमलाबाईंचे परीक्षेचे वर्ष आठवले. ही अट मात्र मी आनंदाने पाळली.

कालावधी किमान तीन वर्षे, कमाल सहा. पुनर्नोंदणीने आणखी दोन. स्त्रियांना, तसेच ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना, याहून दोन वर्षे अधिक मिळू शकतात, म्हणजे एकंदर दहा. प्रसूती वा बालसंगोपनासाठी संपूर्ण अभ्यासकाळात २४० दिवसांपर्यंत रजा आहे. हे आकडे मी मुद्दाम देत आहे. १९९७ मध्ये माझ्या एका शिक्षकांनी मला संशोधनासाठी विचारले होते. मुलगी चार महिन्यांची होती, सासूबाई आजारी होत्या. मी नाही म्हटले आणि त्यावर पुन्हा विचार केला नाही. त्या वेळी कोणी मला असा आकडा सांगितला नाही. आज मंडळाच्या स्नेहसंमेलनात एम.डी., डी.सी.एच. झालेल्या सुना-मुली भेटतात, कडेवर मूल असते, आणि 'आता काय, प्रॅक्टिसच करू' म्हणतात. प्रॅक्टिस जरूर करावी. केसपेपर मात्र जपून ठेवावेत.

एक धोक्याची सूचना. परदेशी विद्यापीठांच्या नावाने काही शैक्षणिक कंपन्या घरबसल्या ऑनलाइन पीएच.डी. देऊ करतात. अशा पदव्यांना मान्यता नाही, हे आयोगाने २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे. आपल्या ओळखीतील एका सद्गृहस्थांचे यात बरेच पैसे गेले.

माझे काम अद्याप अर्ध्यावर आहे. आजवर जमलेल्या मुलांवरून चहाविषयी काही बोलण्याची मला परवानगी नाही आणि इच्छाही नाही. समोर बसलेल्या आईला ''चाय बंद करो'' म्हणताना हल्ली माझा आवाज थोडा खाली येतो, एवढेच. ज्या सहकाऱ्यांना अर्ज करावयाचा असेल त्यांनी गुरुवारी दुपारी दोन ते चार या वेळेत दवाखान्यात यावे. त्या वेळी रुग्ण नसतात. येताना स्वतःचा प्रश्न एका वाक्यात लिहून आणावा. शीर्षकात 'सर्वंकष' असल्यास ते घरीच खोडून यावे.